सगळ्यात हळू तो पुढे

नियम ताईंचा होता, आणि ताईंचा नियम मोडायची छाती चौघांत कोणाचीच नव्हती, खुद्द ताईंचीही नव्हती. डोंगरावर चालताना सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, आणि सगळ्यात दमदार माणूस सगळ्यात शेवटी. कारण हळू माणूस मागे ठेवला की काय होतं? पुढचे भराभर जातात, दगडावर बसून त्याची वाट बघतात, आणि तो बिचारा धापा टाकत पोचला रे पोचला की, "चला, आला एकदाचा," म्हणून उठून चालायला लागतात. म्हणजे ज्याला बसायची गरज, त्यालाच बसायला मिळत नाही. ताई ग्रंथालयात होत्या. पुस्तकं जागच्या जागी लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि माणसंही त्या तशीच लावत.

शेवटच्या माणसाचा मान मोठा होता. त्याच्या गळ्यात शिट्टी, पाठीवर चहाचा मोठा थर्मास, आणि कोणाचं काही मागे राहिलं तर परत जाऊन आणायची जबाबदारी त्याची. ही जागा कित्येक वर्षं मास्तरांची होती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ते गाडी शिकवायचे. तीस वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या शहराला रस्त्यावर आणलं होतं. त्याची इतकी सवय लागली होती की घरी टीव्हीत एखादी गाडी जोरात वळली, तरी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा पाय जमीन दाबायचा. त्यांच्या गाडीच्या छतावर हातभर उंच पिवळी पाटी होती, 'निर्धास्त ड्रायव्हिंग स्कूल', आणि खाली लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत फोन नंबर.

तर त्या रविवारी सकाळी सव्वासहाला चौघं डोंगराच्या पायथ्याशी, मेहुण्याच्या व्हॅनमधून उतरले. मेहुणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, कुलपं-किल्ल्यांचा धंदा करणारा. शहरातलं असं एक दार नव्हतं जे त्याला उघडता येत नव्हतं, आणि असा एक रविवार नव्हता ज्या दिवशी तो काहीतरी विसरला नव्हता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा एवढा की तो चालायला लागला की लांबूनच कळायचं.

चौथा होता ताईंचा धाकटा भाऊ. त्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक गोळी मागायला आलं की हा तिच्याबरोबर झोप, पाणी, मीठ, जिना आणि सासू या सगळ्यांवर सल्ला द्यायचा, म्हणून त्याचं नाव पडलं डोस. मास्तर आणि तो पहिलीपासूनचे मित्र.

"चला डोस, तुमची स्वारी पुढे," मास्तर म्हणाले. "तुमच्या गुडघ्यांनी परवानगी दिली असेल तर."

"दिलीय, पण तोंडी," डोस म्हणाला आणि पुढे लागला.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत डोस दुसरा किंवा तिसरा असायचा. मग एका रविवारी त्याने अचानक जाहीर केलं की आपले गुडघे गेले, आता आपण पुढे. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघं डोंगरावर आले की मास्तरांना ऊत यायचा. गुडघ्यांना वंगण घाल, गुडघ्यांचं पासिंग करून घे, अरे गियर टाक, गियर टाक! गुडघ्यावरून माणसाला जेवढं बोलता येतं तेवढं त्यांनी बोलून घेतलं होतं. डोस हसायचा आणि आपल्या चालीने चालत राहायचा.

या सगळ्यामागे मास्तरांच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. ते घाबरलेले होते.

आठ महिन्यांपूर्वीच लायसन्सच्या कचेरीचा जिना चढताना त्यांच्या छातीत असं काही आवळलं की ते चौथ्या पायरीवर बसले ते दहा मिनिटांनी उठले. डॉक्टरांनी तपासलं, रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि म्हणाले, "गाडी चालवा, डोंगरही चढा. फक्त एक लक्षात ठेवा. चढताना बोलता आलं पाहिजे. बोलणं बंद पडलं की थांबायचं, दम परत आला की निघायचं." बायकोने ते ऐकलं. मास्तरांनी तिच्याकडून शपथ घेतली की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही.

कारण त्यांनी आपल्या काकांचं पाहिलं होतं. काका धडधाकट, विहिरीत उडी मारणारे. एकदा आजारी पडले, बरे झाले, पण घरच्यांनी त्यांना पुन्हा बरं होऊच दिलं नाही. हातातली बादली काढून घेतली, मग पिशवी, मग वर्तमानपत्रसुद्धा कोणीतरी वाचून दाखवायला लागलं. खिडकीशी खुर्ची मांडून दिली. त्या खुर्चीतच ते चार वर्षांत संपले. काका आजाराने नाही गेले, इतरांच्या काळजीने गेले, असं मास्तरांचं ठाम मत होतं. मित्रांना कळलं तर आपलंही तसंच होणार. शिट्टी जाईल, थर्मास जाईल, मोठा फेरा जाईल. "मास्तर, जपून," असं म्हणत तिघं आपल्याला लहान मुलासारखं लहान फेऱ्यावरून फिरवून आणतील. ते चित्र डोळ्यांपुढे आलं की त्यांना छातीपेक्षा जास्त दुखायचं.

म्हणून गोळ्या डोसच्या दुकानातून घ्यायचा प्रश्नच नव्हता. दर महिन्याच्या पाच तारखेला, दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, टोपी कपाळावर ओढून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी दुकानात जायचे. आणि डोंगरावर शेवटची जागा त्यांनी मुळीच सोडली नाही. शेवटी चालण्याचा एक मोठा फायदा त्यांच्या ध्यानात आला होता. आपलं तोंड उघडं पडलेलं तिथे कोणाला दिसत नाही.

आज मोठा फेरा होता. या डोंगराला तीन वाटा वेढे घालतात. लहान फेऱ्याच्या झाडांवर पांढरा एक पट्टा, मधल्याच्या दोन आणि मोठ्याच्या तीन. पहिला तासभर तिन्ही वाटा एकच असतात. मोठा फेरा थेट माथ्यावरून पलीकडे उतरतो आणि डोंगराच्या पाठीमागून अख्खा दिवस खाऊन परत पायथ्याशी येतो. वर्षातून एकदाच, दिवस मोठा आणि वाट कोरडी असताना ते हा फेरा करत. मास्तर महिनाभर रोज रात्री मनातल्या मनात तो चढत होते.

चढ सुरू झाला. हवा गार होती, झाडांतून उन्हाचे कवडसे पडत होते, आणि पुढून डोसची बडबड चालू होती.

"मास्तर, ते परवाच्या बाईंचं काय झालं रे? त्या रिव्हर्स घेताना डोळे मिटतात त्या?"

"अरे, विचारू नको!" मास्तर मागून सुरू झाले. त्या बाईंनी रिव्हर्समध्ये फुलांचं दुकान कसं गाठलं, दुकानदार कुंडी हातात घेऊन कसा धावला, आणि बाई डोळे उघडून, "पोचलो का?" असं कशा म्हणाल्या, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. ताई हसता हसता थांबल्या. मग चढ उभा झाला. मास्तरांची वाक्यं तोकडी झाली, मग नुसते शब्द उरले, मग तेही बंद झाले.

"थांबा रे," पुढून डोस ओरडला. "बुटाची लेस सुटली."

"तुझी लेस म्हणजे ना!" मास्तर एवढं म्हणण्यापुरता श्वास जमवून म्हणाले आणि झाडाला टेकले. मनातून त्यांनी त्या लेसचे आभार मानले.

असं चालू राहिलं. डोस काहीतरी विचारायचा, मास्तर सांगायला लागायचे, आणि थोड्या वेळाने डोसची लेस सुटायची. लेस नाही तर कुठलंसं पान औषधी असायचं आणि ते चौघांना हुंगावं लागायचं. नाही तर पक्षी. एकदा तर त्याने एका साध्या कावळ्याकडे पाच मिनिटं दुर्बीण लावून पाहिलं.

"अरे, कावळाच आहे तो!" मेहुणा म्हणाला.

"खात्री करून घेतलेली बरी," डोस म्हणाला.

फाट्यावर आले तेव्हा मास्तरांची छाती वेगळ्याच कारणाने धडधडत होती. डावीकडे एक पट्टा, समोर दोन, उजवीकडे वर तीन. कोणी आता, "मधला करू या का?" म्हणालं तर काय, हे त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. चिडायचं, भांडायचं, वेळ पडली तर एकट्याने जायचं. ताईंनी चष्मा वर करून पट्टे पाहिले. मग मागे वळून विचारलं, "मोठाच ना?"

"म्हणजे काय! त्यात विचारायचं काय?" मास्तर गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले.

"नाही, पट्टे पुसट झालेत, म्हणून विचारलं," ताई म्हणाल्या आणि उजवीकडे वळल्या. मास्तरांना एवढं हायसं वाटलं की पुढचा चढ त्यांनी शीळ घालत सुरू केला, अर्थात पहिल्या वळणापर्यंतच.

माथ्यावर पोचायला साडेबारा वाजले. वारा सुटला होता, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा पसरल्या होत्या, आणि आपण इथवर आलो याचा मास्तरांना असा आनंद झाला की त्यांनी शिट्टी तीनदा वाजवली. चौघं एका सपाट खडकावर पसरले. ब्रेड, उकडलेली अंडी, सफरचंदं आणि थर्मासमधला चहा. बसताना जुडगा टोचतो म्हणून मेहुण्याने तो कमरेचा काढून शेजारच्या दगडावर ठेवला. ताईंनी आपल्या वहीत वेळ लिहिली. डोसने अंड्यातल्या पिवळ्यावर सर्वांना एक छोटासा डोस दिला आणि सर्वांची उरलेली पिवळी आपणच खाल्ली.

तिथून उतार. उतारावर मास्तर राजे होते. बोलत, टोमणे मारत, गुडघ्यांची चौकशी करत ते मागून येत होते. पाऊण तास उतरल्यावर झऱ्यापाशी पाणी भरायला थांबले. मेहुण्याच्या टाचेला केव्हाचा फोड आला होता, त्याने बूट काढून पाय पाण्यात सोडला. आणि एकाएकी त्याने कमरेला हात लावला. इकडे लावला, तिकडे लावला. चेहरा पांढरा पडला.

"आज तुझा आवाज कसा येत नाही, हेच मी मघापासून म्हणत होते," ताई म्हणाल्या.

"जुडगा!" मेहुणा म्हणाला. "वर राहिला. खडकावर."

"अरे, पण तू तर काहीही उघडतोस," डोस म्हणाला. "व्हॅन उघडशील की."

"उघडीन. अवजारं असली तर एका मिनिटात उघडीन."

"मग अवजारं कुठेत?"

मेहुणा पाण्यात बघत म्हणाला, "व्हॅनमध्ये."

ताई हसल्या, डोस हसला, मास्तर तर पोट धरून हसले. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की मागे काहीतरी राहिलं आहे, आणि मागे राहिलेलं आणायचं काम शेवटच्या माणसाचं आहे. ज्याच्या गळ्यात शिट्टी त्याचं.

हसू तोंडावर तसंच राहिलं. पाऊण तासाचा उतार म्हणजे तासभराचा उभा चढ, एकट्याने. डॉक्टरांचा शब्द पाळत गेलो तर दोन तास, आणि दोन तास लागले की सगळं उघडं पडणार. न पाळता गेलो तर... पुढचा विचार त्यांनी केला नाही. डोळ्यांपुढे काकांची खुर्ची आली. त्यांनी थर्मास खाली ठेवला, शिट्टी सदऱ्यात सरकवली आणि उठले.

"आलोच," ते म्हणाले.

मेहुणा बूट ओढत ओरडला, "भावोजी, तुम्ही बसा! मी जातो, माझी चूक आहे."

"त्या टाचेने? गप बस. नियम म्हणजे नियम."

ते चार पावलं चढले असतील, तोच मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. डोसने पाठीवरची पिशवी फेकून दिली होती, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत वर खोचले होते, आणि तो मास्तरांना खांदा मारून पुढे निघाला होता.

"तू कुठे? अरे, तुझे गुडघे!" मास्तर ओरडले.

"बघू या टिकतात का!" डोस म्हणाला. आणि मग तो जो सुटला! या दगडावरून त्या दगडावर, वळण सोडून सरळ वर, एखादा बोकड जावा तसा. दोन मिनिटांत त्याची निळी टोपी झाडांत दिसेनाशी झाली.

मास्तर तोंडाचा आ करून बघत राहिले. मग हळूहळू परत खाली आले आणि दगडावर बसले.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या भावाचे गुडघे गेलेत ना?"

ताई बाटलीत पाणी भरत होत्या. बाटली भरून वाहायला लागली तरी त्या भरतच राहिल्या. "आमच्या घरात गुडघे चांगले आहेत सगळ्यांचे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मेहुण्याच्या टाचेला पट्टी लावायचं काम असं काही मन लावून सुरू केलं की पुढे विचारायची सोय राहिली नाही. मेहुणाही टाचेकडेच बघत होता.

डोस सव्वा तासात परत आला. जुडग्याचा खुळखुळाट आधी ऐकू आला, मग तो. घामाने निथळत होता, पण हसत होता. मास्तरांच्या समोरच्या दगडावर येऊन तो धपकन बसला आणि पाय पसरले. विजार अजून वर खोचलेलीच होती. म्हणून मास्तरांना त्याचे बूट दिवसभरात पहिल्यांदा नीट दिसले.

त्या बुटांना लेस नव्हती. दोन रुंद पट्टे होते, दाबून चिकटवायचे.

मास्तर त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. सकाळपासून लेस किती वेळा सुटली, ते आठवायला लागले. कधी सुटली, तेही आठवायला लागले. फुलांच्या दुकानाची गोष्ट अर्धी राहिली तेव्हा. फाट्याच्या आधी, आपल्या तोंडून शब्दच फुटेनासा झाला तेव्हा. माथ्याखालच्या शेवटच्या चढावर तीनदा.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

डोसने पायांकडे पाहिलं, मग विजार खाली सोडली, पण आता त्याचा उपयोग नव्हता. "आठ महिने," तो म्हणाला.

"तिने सांगितलं?"

"वहिनींनी? नाही रे. तू ज्या दुकानात जातोस ना, तिथला दुकानदार ती गोळी ठेवत नाही. महिन्याला एकच गिऱ्हाईक, कोण ठेवणार? तो माझ्याकडून मागवतो. पहिल्याच वेळी फोनवर म्हणाला, एक गृहस्थ आलेत, टोपी नाकापर्यंत ओढून, नाव सांगताना इकडेतिकडे बघतात. चोर वाटतात, पण चोर कसे म्हणू, गाडी दारातच लावलीय आणि तिच्या छतावर एवढी मोठी पिवळी पाटी आहे. फोन नंबरसकट."

मेहुण्याला हसू आवरेना. ताईंनी त्याला कोपर मारलं आणि मग स्वतःच हसल्या.

"म्हणजे तुम्हालाही?" मास्तरांनी विचारलं.

"मला ताईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, भावोजी," मेहुणा म्हणाला. त्याची ताई म्हणजे मास्तरांची बायको. "शपथ घराबाहेर न सांगायची होती म्हणे. मी काय घराबाहेरचा आहे?"

"आणि रांग मी लावते, मास्तर," ताई म्हणाल्या. "एखादं पुस्तक चुकीच्या जागी उभं असलं तर मला कळणार नाही का?"

मास्तरांना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधलाही, पण सापडला नाही. "ती गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो," डोस हळू आवाजात म्हणत होता. "चढताना बोलता आलं पाहिजे. म्हणून तुला बोलतं ठेवायचो. तू गप्प झालास की माझी लेस सुटायची. सोपं काम होतं, तू काय सहज गप्प होणारा माणूस आहेस?"

"आणि मी तुझ्या गुडघ्यांना..." मास्तर म्हणाले आणि थांबले. "आठ महिने! अरे, एकदा तरी उलटून बोलायचंस."

"बोलणार होतो. पण तुला बोलायला दम पुरतोय हे ऐकून बरं वाटायचं."

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि झऱ्याच्या पाण्याने ते धुतलं, नको तेवढा वेळ. पाणी तोंडावर घेता घेता त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. आठ महिने या तिघांना सगळं माहीत होतं. तरी कोणी शिट्टी मागितली नाही, थर्मास काढून घेतला नाही. आज फाट्यावर तिघंही उजवीकडे वळले. खुर्ची कोणी मांडलीच नव्हती. ती आपणच पाठीवर घेऊन फिरत होतो.

ते उठले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी डोसच्या गळ्यात घातली. थर्मास उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"अरे, राहू दे," डोस म्हणाला. "आता सगळा उतारच आहे. शेवटी एक छोटा चढ, बस्स."

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले. "ताई, सांगा याला."

ताईंनी वही उघडली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीही मोठाच."

मग मास्तर पुढे झाले. त्यांच्यामागे टाच वाचवत, खुळखुळ वाजत मेहुणा, मग ताई, आणि शेवटी डोस. पुढून डोंगर वेगळाच दिसत होता. समोर कोणाची पाठ नव्हती, नुसती वाट होती, उतरत्या उन्हात पिवळी झालेली. मास्तर आपल्या चालीने चालत होते, आणि मागचे तिघं त्याच चालीने येत होते. असं ऐटीत ते कित्येक महिन्यांत चालले नव्हते.

पायथ्याआधीचा तो छोटा चढ आला. अर्ध्यावर मास्तरांना दम लागला. ते थांबले. लेस बांधायला वाकले नाहीत, कावळा शोधला नाही, कमरेवर हात ठेवून सरळ वाटेच्या मधोमध उभे राहिले. मागे तिघंही थांबले. मास्तरांना वाटलं, आता येतंय, आता कोणीतरी "जपून" म्हणतंय.

मागून शिट्टी कर्कश्श वाजली.

"अरे मास्तर!" डोस ओरडला. "वाटेत गाडी काय लावलीस? गियर टाक, गियर टाक!"

मास्तर इतके हसले की दम परत यायला आणखी एक मिनिट गेलं. मग मागे न बघता त्यांनी हात बाजूला काढला, तळवा जमिनीकडे करून वर-खाली हलवला. गाडी हळू होते आहे, मागच्यांनी सांभाळून घ्या. ही खूण ते तीस वर्षं लोकांना शिकवत आले होते, स्वतःसाठी आज पहिल्यांदा केली.